तारण नाही, त्याला आकाश नाही

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभरच्या विमानतळांवर जो गोंधळ उडाला, त्याची चर्चा वृत्तपत्रांनी मुख्यतः प्रवाशांच्या हालांपुरतीच केली. इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे त्या दिवसांत रद्द झाली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी रद्द झालेल्या उड्डाणांची संख्या हजारावर गेली. थकलेल्या वैमानिकाच्या हाती विमान जाऊ नये म्हणून त्याची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या अवतरणांची मर्यादा सहावरून दोनवर आणणारे नियम त्या वर्षी टप्प्याटप्प्याने अमलात आले होते. हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तयारीला जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती. तरीही वैमानिक कमी पडले आणि अखेर सरकारने नियमांतील काही कलमांतून त्या कंपनीला फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. माणसे नेमली नाहीत ती कंपनीने, आणि शिथिल झाला तो वैमानिकाच्या विश्रांतीचा व प्रवाशाच्या सुरक्षिततेचा नियम.

या घटनेची दुसरी बाजू मात्र चर्चेत आली नाही. ज्या देशात वैमानिकांच्या तुटवड्यामुळे उड्डाणे रद्द होतात, त्याच देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवून नोकरीची वाट पाहत घरी बसलेले तरुण आहेत. २०२३ या वर्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. तोवरच्या कोणत्याही वर्षापेक्षा हा आकडा मोठा होता. तुटवडा आणि बेकारी ही दोन्ही एकाच धंद्यात एकाच वेळी कशी नांदतात, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर असे, की कमी पडतो तो प्रामुख्याने कमांडर, आणि कमांडर हा काही परवान्याबरोबर तयार होऊन येत नाही. त्याला लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी किमान १,५०० तासांचे उड्डाण लागते व ते सहवैमानिक म्हणून वर्षानुवर्षे नोकरी करूनच साधते. आज कमांडर मिळत नाही याचा अर्थ काही वर्षांपूर्वी पुरेसे सहवैमानिक घेऊन त्यांना घडविले गेले नाही, एवढाच होतो. शेतात पेरणी न करता सुगीला खळे मोकळे का, असे विचारण्यासारखाच हा प्रकार आहे. या धंद्यात पेरणीचा खर्च कंपनी करीत नाही, सरकार करीत नाही. तो अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरावर टाकलेला आहे. या व्यवस्थेचे मूळ दुखणे तेच आहे.

हा खर्च किती, हे प्रथम पाहिले पाहिजे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेऊन उत्तीर्ण झालेल्या, वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेल्या आणि पहिल्या वर्गाच्या वैद्यकीय तपासणीत टिकलेल्या उमेदवाराला २०० तास उड्डाण करावे लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे मुख्य वैमानिक म्हणून त्याच्याच हाती असावी लागतात. शिवाय मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, तांत्रिक ज्ञान व रेडिओ संभाषण यांच्या परीक्षा आहेतच. देशातल्या देशात या साऱ्याला साधारणतः ४० ते ६० लाख रुपये लागतात. परवाना हाती आला तरी त्यावर प्रवासी विमान चालविता येत नाही. एअरबस किंवा बोईंगच्या विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, ते घ्यावे लागते आणि त्याचे आणखी १५ ते २५ लाख पुष्कळदा उमेदवारालाच मोजावे लागतात. विमान कंपन्यांनी प्रशिक्षण संस्थांशी संगनमत करून ज्या ‘कॅडेट’ योजना काढल्या आहेत, त्यांत दोन्ही खर्च एकत्र येऊन रक्कम एक कोटीच्या घरात जाते. त्या बदल्यात कंपनी देते ते काय, तर सर्व परीक्षा उत्तीर्ण झाल्यास आणि कंपनीला त्या वेळी गरज असल्यास नोकरीचा विचार करण्याचे आश्वासन.

एवढी रक्कम हाताशी असलेली कुटुंबे या देशात बोटांवर मोजण्याइतकी. उरलेल्यांनी बँकेत जावे, असे सांगितले जाते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत वैमानिक प्रशिक्षणाचा नावानिशी समावेश आहे, हे खरे. परंतु साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, त्यापुढे मूर्त मालमत्तेचे तारण लागते. साडेसात लाखांत २०० तासांपैकी ३०-४० तासही होत नाहीत. रिझर्व्ह बँकेने अग्रक्रम क्षेत्रात धरावयाच्या शैक्षणिक कर्जाची मर्यादा २०२० मध्ये २० लाखांवर व २०२५ मध्ये २५ लाखांवर नेली. ती वाढ स्वागतार्ह असली, तरी तारणाची अट त्यामुळे हटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत तारणावाचून व जामिनावाचून कर्ज आहे. पण ते राष्ट्रीय क्रमवारीतील निवडक उच्च शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांसाठी. फ्लाइंग क्लबात शिकणाऱ्याला तिचा आधार नाही.

तारण या एका शब्दात सारी समाजरचना दडलेली आहे. विदर्भातील पाच-सात एकरांचा कोरडवाहू शेतकरी आपली जमीन घेऊन बँकेत गेला, तर अशा कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून सहसा स्वीकारली जात नाही. कारण कर्जवसुलीच्या २००२ च्या ज्या कायद्याखाली बँका मालमत्ता परस्पर ताब्यात घेतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. आदिवासीच्या जमिनीच्या हस्तांतरणावर कायद्याने निर्बंध आहेत, आणि ती त्याच्या हातून जाऊ नये म्हणून ते असलेच पाहिजेत. परंतु त्यामुळे त्याच्या मुलाच्या शिक्षणाला तारण उरत नाही. गिरणगावातील चाळीत भाड्याने राहणाऱ्याची खोली त्याच्या मालकीची नसते. झोपडपट्टीतल्या घराला बाजारात किंमत असते, पण बँकेला दाखविण्यासारखा कागद नसतो. तारण म्हणून चालतो तो शहरातील फ्लॅट, बिगरशेती भूखंड किंवा मुदत ठेव. पिढ्यान् पिढ्या ज्यांना मालमत्ता जमविण्याची मुभाच नव्हती, त्यांच्या मुलांना आज ‘तुमची मालमत्ता दाखवा’ असे सांगणे म्हणजे जुनाच निवाडा नव्या छापील अर्जावर देणे होय. जातीचा दाखला कोणी मागत नाही. सात-बारा आणि मालमत्तापत्रक मागितले की तेवढ्याने भागते.

आणि ज्याला कर्ज मिळाले, तो सुटला असेही नाही. ५० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने घेतले आणि प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत त्यावर नुसते सरळ व्याज चढले, तरी परतफेड सुरू होताना मुद्दल ६१ लाखांवर जाते. ते दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ८४ हजारांचा हप्ता येतो आणि दहा वर्षांअखेर एकूण एक कोटीहून थोडी अधिक रक्कम भरली गेलेली असते. कर्ज टप्प्याटप्प्याने उचलले तर हा आकडा काहीसा खाली येईल. पण टाइप रेटिंगचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत. नोकरी लागलेल्या सहवैमानिकाला हा हप्ता झेपू शकतो. नोकरी लागलीच नाही तर? बँकेची मुदत नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहत थांबत नाही. इतर पदवीधर बेकार राहिला तर त्याची पदवी निदान शिळी होत नाही. वैमानिकाचे तसे नाही. परवान्याची मुदत २०२३ मध्ये पाचावरून दहा वर्षांवर नेण्यात आली. तथापि तो उपयोगात राहावा म्हणून लागणारे उड्डाणाचे तास, उपकरणांवरील उड्डाणाची नियमित चाचणी आणि वैद्यकीय तपासणी यांसाठी पुन्हा पदरचे पैसे मोजावेच लागतात. बेकार वैमानिकाला आपली बेकारीसुद्धा विकत घ्यावी लागते.

हा धोका काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर जमिनीवर आली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. २०२० मध्ये महासाथीने साऱ्या जगाची विमाने उभी केली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवशिक्यांची रांग आणखी मागे सरकली. कंपनी बुडते तेव्हा तिच्या मालकांसाठी दिवाळखोरीचा कायदा असतो, कर्जाची पुनर्रचना असते. मुलाच्या परवान्यासाठी गहाण टाकलेल्या घरासाठी असा कोणताही कायदा नाही.

शासन या व्यवहारात तटस्थ आहे, असेही म्हणता येत नाही. महासंचालनालयाने २०१७ मध्ये असा नियम केला, की नोकरी सोडावयाची तर सहवैमानिकाने सहा महिन्यांची व कमांडरने एका वर्षाची पूर्वसूचना दिली पाहिजे. वैमानिकाच्या प्रशिक्षणावर कंपनीने केलेला खर्च वाया जाऊ नये आणि प्रवाशांची गैरसोय होऊ नये, हे त्यामागचे कारण. कंपनीने गुंतविलेल्या पैशाची काळजी वाहण्यासाठी शासनाला नियम करता येतो. मग ज्या घराने परवान्याच्या २०० तासांचा पैसा आपल्या पोटाला चिमटा घेऊन उभा केला, त्या घराच्या गुंतवणुकीची काळजी वाहणारा एकही नियम का असू नये? जोखीम कामगाराची आणि संरक्षण मालकाचे, ही गिरण्यांच्या काळापासूनची रीत विमानाच्या कॉकपिटापर्यंत पोहोचली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नेहमीच असे होते काय? भारतातील पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले. तो काळच असा होता की उद्योगपतीच्या घरातील तरुणाशिवाय हा नाद कोणाला परवडणे शक्य नव्हते. स्वातंत्र्यानंतर ही स्थिती बदलण्याचा काही प्रयत्न झाला. अलाहाबादजवळ बमरौली येथे १९४८ मध्ये नागरी विमान वाहतुकीचे सरकारी प्रशिक्षण केंद्र निघाले. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. सरकारी मदतीवर फ्लाइंग क्लब चालले, आणि त्यांना विमाने स्वस्तात मिळावीत म्हणून बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने ‘पुष्पक’ हे छोटे विमान घडविले. १९५८ मध्ये ते प्रथम उडाले आणि पुढे शंभराहून अधिक पुष्पक विमाने या क्लबांत गेली. १९८५ मध्ये उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी उघडली. त्या व्यवस्थेतही वशिला होता, दिरंगाई होती आणि दुर्बलांपर्यंत ती क्वचितच पोहोचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वैमानिक घडविणे ही देशाची गरज आहे आणि तिचा काही भार देशाने उचलावयाचा आहे, ही जाणीव तिच्यामागे होती.

१९९४ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द झाला. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियाही खासगी मालकीकडे गेली. आकाश खुले झाले म्हणून टाळ्या वाजल्या. आकाशाकडे जाणाऱ्या जिन्यावर मात्र तिकीट बसले. फुरसतगंजच्या सरकारी अकादमीतही आज ४० लाखांच्या पुढेच खर्च येतो. महाराष्ट्रात प्रशिक्षणाच्या जागांना तोटा नाही. १९२८ सालचा बॉम्बे फ्लाइंग क्लब आपले उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला चालवितो. गोंदियाजवळ बिरसी येथे विमानतळ प्राधिकरण व कॅनडाची सीएई यांची संयुक्त संस्था आहे. बारामती, शिरपूर, जळगाव येथे शाळा आहेत. अमरावतीजवळ बेलोरा येथे एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी शाळा काढण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. बिरसी, बेलोरा, धुळे येथील धावपट्ट्या जनतेच्या पैशातून आणि शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभ्या राहिल्या आहेत. धावपट्टीसाठी ज्याचे शेत गेले, त्याच्या मुलाला त्या धावपट्टीवरून उडता येईल काय, हा प्रश्न तेथील जिल्हा नियोजनाच्या बैठकीत कोणी विचारल्याचे दिसत नाही.

येथे समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात एक आक्षेप उभा राहील, आणि तो टाळून पुढे जाता कामा नये. ज्या देशात जिल्हा परिषदेच्या शाळेला छप्पर नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, तेथे लाखांनी पगार घेणाऱ्या वैमानिकाच्या शिक्षणाचा भार जनतेने का उचलावा? गरिबाच्या करातून उद्याचा श्रीमंत घडविण्याचाच हा उद्योग नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मागणी खिरापतीची असू नये. परंतु आक्षेपाचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. चांगल्या पगाराची कामे श्रीमंतांच्या मुलांसाठी आणि छप्पर नसलेल्या शाळांची चिंता गरिबांच्या मुलांसाठी, अशी वाटणी जर मान्य केली, तर समतेचा अर्थ फक्त दारिद्र्याचे समान वाटप एवढाच उरेल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले, ते शिष्यवृत्ती देऊन आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली, भाऊरावांनी कमवा आणि शिका हा मार्ग दाखविला. त्या काळीही गावोगाव शाळा नव्हत्या. म्हणून उच्च शिक्षण थांबवा, असे या तिघांपैकी कोणी म्हटले नाही. मात्र २०० तासांच्या उड्डाणाचा खर्च कमवा आणि शिका या मार्गाने उभा राहणार नाही. तेथे सयाजीरावांचाच मार्ग लागेल: समाजाने आधी पैसा घालावा, आणि शिकलेल्याने तो समाजाला परत करावा.

याच राज्यात खडकवासल्याच्या प्रबोधिनीत निवड झालेल्या मुलाला व २०२२ पासून मुलीलाही वायुदलाचे वैमानिक बनविताना सरकार एक पैशाचे तारण मागत नाही. निवड होते ती गुणांवर, खर्च करते ते राष्ट्र, आणि परतफेड होते सेवेने. सैनिकी सेवा आणि खासगी नोकरी यांत फरक आहे, हे मान्य. पण त्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते, की शेतकऱ्याच्या मुलाला विमान चालविता येते. त्याला अडवते ते केवळ प्रवेशदारावरचे शुल्क.

सध्या अस्तित्वात असलेल्या योजनांचा पसाभर धान्याएवढाच उपयोग आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमावलीत वैमानिक प्रशिक्षणासाठी ताशी ५,००० रुपये याप्रमाणे २०० तासांची, म्हणजे १० लाखांची तरतूद होती. उच्च दर्जाच्या शिक्षणाच्या केंद्रीय योजनेत खासगी फ्लाइंग क्लबासाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची कमाल मर्यादा घालण्यात आली. खर्च ४० लाखांवर गेल्यावर अशी मर्यादा म्हणजे अर्ध्या विहिरीपर्यंत पोहोचणारा दोर. गुजरात सरकारने मागास वर्गांच्या उमेदवारांना २५ लाखांचे कर्ज ४ टक्के व्याजाने देण्याची योजना आणली. महाराष्ट्रात इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी नागपुरात स्थापन झालेल्या ‘महाज्योती’ने नागपूर फ्लाइंग क्लबाच्या साहाय्याने वीस विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलण्याचे ठरविले. दिशा योग्य आहे. पण विमान कंपन्यांनी २०२३ या एका वर्षात हजाराच्या आसपास नवी विमाने मागविली असताना वीस ही संख्या प्रतीकापलीकडे जात नाही.

इतर देशांत काय चालते, हे पाहणेही उपयोगी ठरेल. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये शिक्षणाचे कर्ज विद्यार्थ्याच्या भावी उत्पन्नाशी जोडले. तेथे घराचे तारण नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा उत्पन्न वाढले की करासोबत कर्जाचा भाग कापला जातो, उत्पन्न नसेल तर वसुली थांबते. वैद्यकीय अभ्यासक्रमांप्रमाणे वैमानिक अभ्यासक्रमासाठीही तेथे कर्जाची मर्यादा इतरांहून अधिक ठेवली आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीयीकृत कंपन्यांच्या काळात हॅम्बल येथे वैमानिकांचे महाविद्यालय होते. १९८०च्या दशकात ते बंद झाले आणि प्रशिक्षणाचा भार उमेदवारांवर गेला. पण सारे वैमानिक श्रीमंत घरांतूनच येऊ लागले तर निवडीला माणसेच उरत नाहीत, हे तेथील भांडवलदारांनाही कळले असावे. कारण ब्रिटिश एअरवेजने अलीकडे संपूर्ण खर्च स्वतः उचलणारी योजना पुन्हा सुरू केली, आणि तिच्या मोजक्या जागांसाठी हजारो अर्ज आले. तेव्हा कंपनीने खर्च उचलणे अव्यवहार्य आहे, हा युक्तिवाद भारतातच तेवढा खरा मानण्याचे कारण नाही.

या साऱ्यावरून मागणीची रूपरेषा स्पष्ट होते. ज्याला वैमानिकाच्या श्रमाचा नफा मिळतो, त्याने त्याला घडविण्याचा खर्च उचलावा, हे तिचे सूत्र. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवास सुमारे १६ कोटी १३ लाख प्रवाशांनी केला. प्रत्येक तिकिटामागे केवळ १० रुपये विमान कंपन्यांकडून घेतले, तर वर्षाला सुमारे १६१ कोटी जमतात. त्यातून ५० लाखांप्रमाणे ३२० हून अधिक उमेदवारांचा पूर्ण खर्च दरसाल भागतो. २०२३ मध्ये दिलेल्या परवान्यांच्या हा एक पंचमांश आहे. असा आकार बसविणे नवीन नाही. छोट्या शहरांची विमानसेवा चालावी म्हणून २०१६ पासून मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार घेतलाच जातो. धावपट्टीसाठी जे चालते, ते माणसासाठी का चालू नये?

हा निधी अनुदानाचा नसावा, फिरत्या कर्जाचा असावा. तारण नसावे. नोकरी लागल्यावर पगाराचा ठरावीक टक्का कापला जावा; नोकरी नसेल, कंपनी बंद पडली असेल किंवा वैद्यकीय कारणाने परवाना गेला असेल, तर वसुली थांबावी. वैद्यकीय तपासणी व निवड परीक्षा प्रवेशापूर्वी सरकारी खर्चाने व्हावी, म्हणजे डोळ्यांतील किंवा हृदयातील दोष २० लाख खर्च झाल्यावर कळण्याची पाळी येणार नाही. शाळेने शुल्क आगाऊ न घेता उडविलेल्या तासांप्रमाणे घ्यावे. विमान नादुरुस्त आहे, प्रशिक्षक नाही अशी कारणे सांगून वर्षाचे प्रशिक्षण तीन वर्षे रेंगाळले तर त्या काळाचे व्याज शाळेने भरावे. आणि निधीतील निम्म्या जागा तरी अशा घरांसाठी राखून ठेवाव्यात, ज्यांच्याजवळ गहाण टाकण्यासारखे काहीच नाही.

खर्च कमी करण्याचेही मार्ग आहेत. प्रशिक्षणाच्या विमानांना लागणारे विशेष पेट्रोल २०२२ पर्यंत परदेशातून येत असे. त्या वर्षी सार्वजनिक क्षेत्रातील इंडियन ऑइलने ते देशात तयार करून बाजारात आणले. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘हंसा’ हे प्रशिक्षण विमान विकसित केले आहे. मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षण वस्तू व सेवा करातून मुक्त असल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट करण्यात आले. ज्यांनी हे घडविले ती सार्वजनिक संस्था, सार्वजनिक प्रयोगशाळा व सार्वजनिक तिजोरी. त्याचा लाभ मात्र विद्यार्थ्याच्या शुल्कात उतरतो की नाही, यावर कोणाची देखरेख नाही. तिची मागणी झाली पाहिजे.

हा प्रश्न केवळ उमेदवारांचा आहे, असे समजणे भूल ठरेल. विद्या विकत मिळू लागली की खोटी विद्याही विकत मिळू लागते. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर वैमानिकांचे परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली, आणि न उडविलेले तास वहीत भरल्याचे प्रकारही. महासंचालनालयाने २०२५ मध्ये उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणी ठरविण्यास सुरुवात केली, तेव्हा पहिल्या यादीतील ३५ संस्थांपैकी एकीलाही वरची ‘ए’ श्रेणी मिळाली नाही. कर्जाने वाकलेला तरुण वैमानिक थकल्याचे सांगण्यास कचरतो, गैरसोयीच्या वेळापत्रकाला नाही म्हणत नाही, युनियनच्या सभेला जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. डोक्यावर ८४ हजारांचा हप्ता असलेला माणूस मालकाला सर्वांत सोयीचा कामगार असतो. त्याच्या मागे बसलेल्या पावणेदोनशे प्रवाशांच्या दृष्टीने मात्र तो सर्वांत सोयीचा असेलच असे नाही.

या चित्रात एक आशेची रेघ आहे. २०२३ मध्ये परवाना मिळविणाऱ्यांत मुलींचे प्रमाण सुमारे अठरा टक्के होते. भारतात वैमानिकांमधील स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट आहे. परंतु घर गहाण टाकावयाची वेळ येते तेव्हा किती घरे ते मुलीच्या परवान्यासाठी टाकतात आणि किती तिच्या लग्नासाठी, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको. तारण नसलेले कर्ज सर्वांत आधी मुलींना मोकळे करील.

तेव्हा विमान ही बड्यांची बाब म्हणून या प्रश्नाकडे पाठ फिरविणे कार्यकर्त्यांना शोभणार नाही. रेल्वे, वीज, गिरणी येथील कामगाराचा प्रश्न चळवळीने आपला मानला; आकाशातील श्रम हेही श्रमच आहेत. आपल्या तालुक्यात बारावीच्या वर्गात गणित व भौतिकशास्त्र घेऊन बसलेल्या मुलामुलींना या शिष्यवृत्त्यांची, कर्जाच्या अटींची आणि त्यांतील धोक्यांची खरी माहिती पोहोचविणे, एजंटांच्या जाहिरातींपासून त्यांना सावध करणे, समाजकल्याण खात्यात अडकलेल्या रकमांचा पाठपुरावा करणे, आणि ज्या जिल्ह्यात सार्वजनिक धावपट्टीवर खासगी शाळा चालते, तेथे स्थानिक गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत, नगरपालिकेत मांडणे, ही कामे उद्यापासून सुरू करता येण्यासारखी आहेत. प्रशिक्षण निधीचा कायदा संसदेत व्हावा लागेल. त्यासाठीचा रेटा मात्र धुळे, गोंदिया आणि अमरावती येथूनच उभा राहील.

देशाला येत्या काळात तीस हजार वैमानिक लागतील, असे केंद्रीय मंत्री सांगत आले आहेत. ते कोणाच्या घरचे असतील, हे ठरविण्याची वेळ आताची आहे. ते जर केवळ मालमत्तापत्रकाच्या बळावर निवडले जाणार असतील, तर देशाला वैमानिक मिळतील, पण त्यांतले उत्तम मिळालेच असे म्हणता येणार नाही. कारण उत्तम वैमानिक होऊ शकणारी कित्येक मुले बँकेच्या पायरीवरूनच परत गेलेली असतील.